फाट्यावरचा खांब

पप्पूनं पळत्या गाडीवरूनच डावा हात खाली सोडला, दोन बोटांनी रस्त्याची कड दाखवली, आणि महारुद्र खांब झाला. 'धुराळा रायडर्स' ह्या मोटारसायकल क्लबात हीच रीत. सगळ्यात पुढं कप्तान, म्हणजे पप्पू. सगळ्यात मागं शेपूट, म्हणजे सिद्धोधन. आणि जिथं वाट फुटते तिथं कप्तानाच्या पाठीला जो असेल त्यानं उतरून उभं राहायचं, मागून येणाऱ्यांना हातानं वळण दाखवायचं, आणि शेपटानं येऊन 'खांब सुटला' म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही. पप्पूचं तर म्हणणं, खांब नुसता मुतायला गेला तरी एखादा माणूस भलत्याच गावाला जाऊन पोचतो. तसं एकदा झालंही होतं, एक जण थेट जिंतूरला जाऊन चहा पीत बसला होता. महारुद्रला खांब व्हायला आवडायचं. खरं सांगायचं तर क्लबात त्याला तेवढंच आवडायचं. चढावर गाडी उडवायची, ओरडायचं, हेल्मेटला कॅमेरा लावून फिरायचं, ही सगळी बाकीच्यांची हौस. ह्यानं आपलं फाट्यावर उभं राहावं, हात लांब करावा, आणि माणसांनी त्या हाताप्रमाणं मुकाट वळावं. बोलायची गरज नाही. पण आज पप्पूची ती दोन बोटं दिसली तरी ब्रेक दाबायला त्याला जरा उशीरच झाला, कारण हा फाटा वालूरचा होता, आणि वालूर म्हणजे पंकजाचं माहेर.

डावीकडची वाट ओढ्यात उतरत होती, ती त्यांची, राईडची. उजवीकडची रानातनं वालूरला. वालूरचा खरा रस्ता सिमेंटचा करतो म्हणून वर्षभरापूर्वी उखडला होता आणि तसाच पडला होता, त्यामुळं परभणीहून जाणारी वाहनं आता झरीवरून ह्याच गाडीवाटेनं धडपडत जायची. फाट्यावर एक मोठा लिंब होता. तोही ह्या वाटेच्या रुंदीकरणाच्या नावाखाली तोडला. रस्ता झाला नाही, लिंब मात्र गेला. त्याच्या खोडाशेजारी महारुद्रनं गाडी लावली. ऊन असं, की कुणी डोक्यावर हात ठेवून दाबतंय की काय वाटावं. खरं तर ही माणसं पहाटेच निघणार होती, पण एकाच्या चाकात हवा नाही, दुसऱ्याला बायकोनं उठवलंच नाही, असं करत करत निघेपर्यंत सूर्य अंगावर आला होता. नांगरून टाकलेली काळी रानं, नजर जाईल तिथवर ढेकळंच ढेकळं, आणि त्यांच्यावर हवा थरथरत होती. लांब एक बाभळ होती, पण तिच्या सावलीत गेलं तर फाट्यावरचा माणूस दिसत नाही. म्हणून तो उन्हातच उभा राहिला. पाच-सहा गाड्या धूळ उडवत आल्या, त्यानं डावीकडं हात केला, त्या वळल्या, एकानं जाता जाता आरोळी मारली. धूळ बसली. मग कुणीच आलं नाही.

आधी त्याला त्यात काही वाटलं नाही. मागं राहणारे राहतातच, कुणाची चेन, कुणाची फोटोची हौस. त्यानं हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं, बाटली उघडली. लिंबू, साखर, मीठ. पंकजानं सकाळी भरून दिलेली. आता काय म्हणायचं ह्या बाईला! आज दुपारच्या आत हिचा भाऊ टेम्पो धाडणार, त्यात हिची शिलाई मशीन, हिची पेटी, हिचं कपाट चढणार, ही कायमची माहेरी जाणार, आणि सकाळी उठून ही नवऱ्याच्या बाटलीत लिंबू पिळत होती. तो बूट घालत बसला होता. बाटली तिनं त्याच्या हातात दिली नाही, शेजारी फरशीवर ठेवली. "लय ऊन हाय आज," ती म्हणाली. "सगळं पिऊन टाका, माघारी आणू नका." मग उंबऱ्याजवळ जरा घुटमळली. "बन्सीधरदादाला यायला जमत न्हाई. टेम्पो धाडायलाय. तुमी असताव का घरी?" त्यानं बुटाची नाडी ओढली. "ग्रुपची राईड हाय," तो म्हणाला. "येतो की दुपारच्या आत." येतो की! जसं काही भाजी आणायला चाललाय. पायरी उतरताना त्याच्या कानावर आत मशीनचं झाकण लावल्याचा आवाज आला, आणि तो आवाज हेल्मेट घातल्यावरसुद्धा झरीपर्यंत त्याच्या डोक्यातनं गेला नाही.

एवढं सगळं होऊ नये म्हणून करायचं काय होतं? काहीसुद्धा नाही. आठ दिवसांपूर्वी भाकरी थापता थापता तिनं स्वतःच सांगून टाकलं होतं. तव्याकडं बघत, त्याच्याकडं न बघता. "भांडण न्हाई, तंटा न्हाई, तुमी मारत न्हाई, पीत न्हाई. लोकायला काय सांगू मी, कामून आले म्हणून? पण ह्या घरात मी भितीसंगं बोलायलेय, चार वर्षं झाले." भाकरी उलटली. "तुमी नुसतं एकदा जाऊ नको म्हणा. मी ऱ्हाते. दुसरं काही बोलू नका, उभ्या जन्मात बोलू नका, तेवढंच म्हणा." महारुद्रच्या तोंडात घास होता. घास गिळल्यावर म्हणू, असं त्यानं खरंच मनाशी ठरवलं होतं. घास गिळला. मग पाणी प्यायला. मग तिनं दुसरी भाकरी ताटात टाकली, आणि ती वेळ निघून गेली. पुढं आठ दिवस तो रोज शब्द तोंडाशी आणत होता. सकाळी दाढी करताना आरशात बघून आणत होता. दुकानात त्याला बोलावं लागत नसे. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये तो स्पेअर पार्टच्या काउंटरवर, माणूस येऊन नाव सांगणार, फिल्टर, बेरिंग, पट्टा, आणि हा मागं वळून नेमक्या फळीवरून तो काढून समोर ठेवणार. मालक म्हणायचा, असा गुणी माणूस मिळणार नाही. घरी आलं की मात्र कुठल्या फळीवर हात घालायचा तेच त्याला समजत नसे.

आणि हा फाटा. ह्याच लिंबाखाली, लिंब होता तेव्हा, त्यानं तो पाळणा परत बांधला होता. नको नको म्हणत असताना आठवण वर आलीच. पंकजाच्या माहेरचा सागवानी पाळणा, ती स्वतः त्यात झोपलेली, तिचा भाऊ झोपलेला. बाळंतपणाच्या आधीच बन्सीधरनं तो हौसेनं परभणीला आणून टांगला होता. बाराव्या दिवशी बारसं, नाव ठरलेलं, ज्ञानेश्वरी. पेढे सांगून झालेले. आणि बारशाच्या आदल्या दिवशी, सकाळच्या पारी, पोरीचं अंग तापलं, आणि दवाखान्यात नेईपर्यंत निवलंसुद्धा. ज्या पोरीचं अजून बारसंच झालं नव्हतं तिला काय म्हणून हाक मारायची, म्हणून महारुद्र दवाखान्याच्या व्हरांड्यात नुसता उभा राहिला होता. बायकांनी रड मांडली, पंकजा तर भुईवर लोळत होती, आणि ह्याच्या तोंडातनं चकार शब्द नाही. लोक म्हणाले, पोटात ठेवलंय बिचाऱ्यानं, गडी खंबीर हाय. मग सगळे पांगल्यावर कुणीतरी म्हणालं, रिकामा पाळणा घरात ठेवू नये. तो उठला. मोटारसायकलच्या मागं पाळणा आडवा बांधला आणि रस्त्यात कुणी विचारायला नको म्हणून झरीवरच्या ह्या आडवाटेनं एकटाच वालूरला निघाला. पाळण्याला वर लाकडी राघू टांगलेले होते. खड्डा आला की ते एकमेकांवर आपटायचे, खुळखुळ, खुळखुळ. परभणीपासून इथपर्यंत खुळखुळ. ह्या फाट्यावर दोरी सैल झाली आणि पाळणा एका अंगाला कलंडला, आणि ह्यानं काय केलं असेल? चटकन खाली उतरून दोन्ही हातांनी तो सावरला, आत कुणी असल्यासारखा. मग दोरी घट्ट आवळली. रडू आलं नाही. परत घरी गेला तेव्हा पंकजा भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "दिला का?" तो म्हणाला, "दिला." आणि हातपाय धुवायला न्हाणीत गेला. त्या दिवशी न्हाणीतनं बाहेर आलेला माणूस पुन्हा तिच्याजवळ जाऊन बसलाच नाही. वर्षभरानं कधीतरी ती म्हणाली होती, "आज ज्ञानेश्वरी चालायला लागली असती बघा," आणि हा उठून अंगणात गाडीच्या चेनला तेल घालायला गेला. पुढच्याच रविवारी त्यानं क्लबात नाव घातलं.

"कुणाची वाट बघायलाव?"

तो दचकला. एक म्हातारी, डोक्यावर पदराची घडी, मागं सात-आठ शेळ्या. शेळ्या लिंबाच्या खोडाला हुंगून बघत होत्या, पूर्वीची सवय असावी. "आमची माणसं यायचीत मागून," महारुद्र म्हणाला. म्हातारीनं हातानं उडवून लावलं. "फटफटीवाले? ते तर कव्हाच गेले की कॅनॉलच्या अंगानं! एक जण उलट्या करायलता, त्याला मधी बसवून नेलं. ओढ्यातले बी तिकडूनच वर चढले. समदे गेले." तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, ते गुडघ्यांवरचे टोप, ते जाड जाकीट. "मंग तुमी कामून उभं ऱ्हायलाव?"

"थांबायचं असतंय."

"कुणी सांगितलं?"

"नियम हाय."

"नियमाला ऊन लागत न्हाई बाबा," म्हातारी म्हणाली, "तुमाला लागंल. जावा घरी. मालकीण वाट बघत असंल." आणि शेळ्यांना हाकत बाभळीकडं गेली. जावा घरी! महारुद्रला मनातल्या मनात तिचा राग आला. हिचं काय ऐकायचं, ही काय शेपूट आहे? शेपूट आल्याशिवाय खांब सुटत नाही. आपण निघून गेलो आणि मागून एखादा आलाच, तर तो उन्हातानात भलतीकडं जाईल, आणि ते पाप आपल्या माथी. ह्या विचारानं त्याला जरा बरं वाटलं. म्हणजे बघा, घरी बायको सामान बांधतेय आणि ह्याला काळजी कुणाची, तर नसलेल्या माणसाची. त्यानं बाटलीतलं उरलेलं पिऊन टाकलं. तळाशी साखर राहिली होती, ती जिभेवर आली. डोळ्यांपुढं काळी वर्तुळं फिरायला लागली होती, जाकिटाच्या आत घामाच्या धारा पाठीवरून कमरेत उतरत होत्या, पण त्रास होतोय हे त्याला एकीकडून बरंच वाटत होतं. एवढा त्रास सोसणारा माणूस काहीतरी कर्तव्य करतोय, असं कुणालाही वाटलं असतं.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. सिद्धोधन. हा एका शाळेवर मास्तर, मनाचा निर्मळ गडी, पण आवाजात शरम होती. मागं कुणीतरी हसत होतं, ताटल्या वाजत होत्या. "रुद्रा, अरे कुठंयस तू? माफ कर भावा, मोठाच घोळ झाला. त्या पोराला चक्कर आली, मग पप्पूनं ग्रुपवर टाकलं, सगळे कॅनॉलवरून झरीला या. मला वाटलं पप्पूनं तुला उचललं, पप्पूला वाटलं मी उचललं. आता फोटो काढला तव्हा ध्यानात आलं. फोटो काढून झाल्यावर! अरे, तू अजून फाट्यावरच हायस का काय?"

"हाव."

"देवा! एवढ्या उन्हात! नीघ, नीघ बाबा तिथून. ऐक, मी म्हणतो: खांब सुटला. सुटला रे खांब! पोहे ठेवलेत तुला."

"येतो," महारुद्र म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

सुटला खांब. आता काय? आता कुठलाच नियम उरला नव्हता. फोटो काढून झाला तरी आपण त्यात नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, ह्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण ते वाटून घ्यायलासुद्धा त्याच्या मनात जागा नव्हती. चावी फिरवायची, झरीवरून डांबरीला लागायचं, गाडी दामटायची. टेम्पो अजून दारात असेल, कपाट चढवायला वेळ लागतो, कदाचित ते चौकटीतच अडकलं असेल. त्यानं चावीला हात घातला. आणि चावी फिरवण्याऐवजी काढून खिशात ठेवली. हाताकडं बघतच राहिला. मग उन्हात उभ्याउभ्या, अगदी सावकाश, त्याच्या लक्षात आलं की आपण सकाळपासून सिद्धोधनची वाट बघतच नव्हतो. पप्पूची बोटं दिसली तेव्हाच आत कुठंतरी हिशेब झाला होता. टेम्पो ह्याच वाटेनं येणार. दुसरी वाटच नाही. घरी, शेजारपाजारच्या बायका दारात उभ्या असताना, उघड्या पेटीसमोर, त्याच्या तोंडातनं शब्द फुटला नसता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण इथं शब्दाचं कामच नव्हतं. क्लबाच्या खुणांत एक खूण होती, सगळ्यांत सोपी: पंजा उभा करायचा, तळवा समोर. थांब. गाडी थांबते, माणूस थांबतो. जे जिभेला चार वर्षांत जमलं नाही ते हाताला जमेल. बस्स, एक पंजा. त्याला एकदम इतकी आशा वाटली, की छाती दुखायला लागली.

झरीच्या बाजूला धूळ दिसली तेव्हा त्यानं घाईघाईनं हेल्मेट चढवलं आणि काच खाली केली. का केली, देव जाणे. खांबाच्या डोक्यावर हेल्मेट असावं लागतं म्हणून केली म्हणा. धूळ मोठी झाली, तिच्यातनं पांढरा टेम्पो निघाला. मागं दोरानं आवळलेलं हिरवं कपाट, त्याच्या कडेला शिलाई मशीनचं पायडल उताणं. महारुद्र वाटेच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्यानं पंजा वर केला.

टेम्पो थांबला. ड्रायव्हर खिडकीतून वाकला. "काय झालं ओ? पुढं वाट बंद हाय का?" त्याच्या पलीकडं पंकजा. तोंडाला स्कार्फ बांधलेला, फक्त डोळे. ते डोळे आधी गाडीकडं गेले, मग बुटांकडं, मग वर उठलेल्या त्या हाताकडं. ओळखलं तिनं. न ओळखायला काय झालं! दार उघडून ती खाली उतरली. त्याच्यापासून दोन हातांवर येऊन उभी राहिली, आणि स्कार्फ खाली ओढला. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता, पण त्यावर असं काही होतं जे घरात पाळणा टांगला त्या दिवसानंतर त्यानं पाहिलं नव्हतं. ती वाट बघत होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. शेळ्यांच्या गळ्यातली घंटी लांबून ऐकू येत होती. महारुद्रचा पंजा तसाच हवेत. काचेच्या आत त्याचे ओठ हलले, जीभ टाळूला लागली, आणि तिथंच राहिली. आता, आता, असं त्याच्या आत कुणीतरी ओरडत होतं. ड्रायव्हर खोकला. तिच्या चेहऱ्यावरचं ते हळूहळू मावळत गेलं.

"पाणी सरलं असंल तुमचं," ती म्हणाली. टेम्पोकडं गेली, स्वतःची बाटली आणली, त्याच्या मोकळ्या हातात दिली. बाटली गार होती. मग ती दोन पावलं मागं सरली, स्कार्फ परत नाकावर ओढला, आणि ज्या वाटेनं ती लहानपणी बैलगाडीतनं शंभरदा गेली होती, त्या वाटेकडं न बघता, परक्या माणसाला विचारावं तसं तिनं विचारलं, "वालूरची वाट कोणती ओ?"

एवढंच विचारलं. तिनं त्याला आणखी एक संधी दिली होती की त्याच्यातनं स्वतःला सोडवून घेतलं होतं, हे त्याला त्यानंतर कधीच ठरवता आलं नाही. त्याच्या मनात आलं, डावीकडं दाखवावं. टेम्पो ओढ्यात रुतेल, परत इथंच येईल, आणखी थोडा वेळ मिळेल. पण हाताला तेवढी अक्कल नव्हती. हाताला एकच काम ठाऊक होतं. वर उठलेला पंजा खाली आला, बोटं जुळली, आणि महारुद्रचा हात बरोबर उजवीकडं लांब झाला.

पंकजानं मान हलवली. टेम्पोत चढून बसली. टेम्पो त्याच्या हाताप्रमाणं वळला, खड्ड्यात आदळला, मागचं मशीनचं पायडल खुळखुळलं, आणि धुळीनं सगळं झाकून टाकलं. महारुद्र त्या धुळीत उभा होता, एका हातात गार बाटली, दुसरा हात तसाच लांब. धूळ नाकातोंडात गेली तेव्हा त्याला ठसका लागला, आणि ठसक्यामागोमाग घसा मोकळा झाला. "जाऊ नको," तो म्हणाला. शब्द सहज आला, काहीच अडलं नाही. "जाऊ नको, पंकजा." काच खाली होती, त्यामुळं आवाज हेल्मेटातल्या हेल्मेटातच फिरला आणि त्याच्याच कानात शिरला. तो पुन्हा म्हणाला. मग आणखी एकदा. बाभळीखालच्या म्हातारीला लांबून एवढंच दिसत होतं, की तो मोटारसायकलवाला अजून तिथंच उभा आहे आणि कुणी नसताना वालूरची वाट दाखवतोय.